उभ्यानं घेतलेलं माप

पायाला ओल लागली तेव्हा मोठ्याबाईंना वाटलं, इस्त्रीवाल्यानंच पाणी सांडलं. कपड्यावर पाणी शिंपडायची त्याची रीत अशी, की बघणाऱ्याला वाटावं, वाफा भिजवतोय. "अरे, कापडाला पाणी दे, मला कशाला देतोस? मी काय आता उगवणार आहे?" मान वर न करता त्या म्हणाल्या, आणि कुणी हसलं नाही तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की इस्त्रीवाला आज आलेलाच नाही. समोर टेबलावर निळ्या कापडाचे बारा थर होते, एका दवाखान्यातल्या परिचारिकांचे कोट, आणि कात्री मुंढ्याच्या वळणात अर्ध्यावर आलेली. वळणात कात्री थांबवली की कापडाला दात पडतो आणि दात पडलेला मुंढा काखेत चावतो, हे त्यांनी हाताखालच्या बायकांना इतक्या वेळा सुनावलं होतं, की त्या बायका झोपेतसुद्धा थांबल्या नसत्या. मोठ्याबाईही थांबल्या नाहीत. ओल घोट्यावरून खाली चपलेत गेली. ओल ऊबदार होती. पाण्याला ऊब कुठली, हा प्रश्न मनाशी येऊन उभा राहिला, त्याला त्यांनी दारातच थांबवलं. वळण पुरं केलं, कात्री बाहेर काढली, पातं फडक्याला पुसलं, आणि मग खाली पाहिलं. चपलेत लाल तळं साचलं होतं. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, जिथली कातडी कित्येक वर्षं तपकिरी पडून खाजत होती, तिथल्या एका निळ्या फोडातून दोऱ्यासारखी बारीक धार सुटली होती. दुखत काहीच नव्हतं. राग आला तो त्याचाच. बोटात सुई गेली तर माणूस ओरडतं, आणि इथं अंगातलं रक्त निघून चाललंय तरी अंगाला खबर नाही. घरच्यानंच न सांगता घर सोडावं, तसं.

पहिलं काम त्यांनी केलं ते कापडाची लोंबती कड वर ओढून घ्यायचं. तेवढ्यात मशीनवरून सुनेनं पाहिलं. "आई, रक्त!" "ओरडू नकोस, माल खराब होईल," मोठ्याबाई म्हणाल्या, जसा काही डाग ओरडण्यानं पडतो. कातरणातली एक लांब पट्टी उचलून त्यांनी गुडघ्याखाली करकचून आवळली. वाहतं थांबवायचं तर वरून आवळायचं, यात शिकवण्यासारखं काय आहे? पण धार थांबण्याऐवजी भसकन वाढली. बटणवाली, जी बटणं लावता लावता जगाची धुणी धुते, ती हातातली सुई तशीच धरून म्हणाली, "अगं बाई, हा तर नळ सुटला!" आणि मग चौदा वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. सून पुढं आली, सासूच्या हाताखालची गाठ सासूलाच न विचारता सोडली आणि म्हणाली, "आडव्या व्हा." 'व्हा ना' नाही, 'होता का' नाही. या सुनेचं नाव मोठ्याबाईंनी पहिल्याच वर्षी 'मोजकी' ठेवलं होतं, कारण ती बोलायची ते जणू टेपनं मोजून. मोजकीनं त्यांना खांद्याला धरून जमिनीवर निजवलं, पाय उचलून कापडाच्या तागावर ठेवला, वर घडी ठेवून अंगठ्यानं दाबून धरला, आणि दोन मिनिटांत नळ बंद. हिला हे कुठून ठाऊक, असं मोठ्याबाईंच्या मनात आलं. पण विचारायचं म्हणजे तिला काही ठाऊक आहे हे मान्य करायचं.

चाळीस वर्षं ज्या टेबलाशी उभं राहून त्यांनी अर्ध्या गावाला कपडे घातले, त्या टेबलाची खालची बाजू त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. माणूस कुणाच्या घरी वर्षानुवर्षं जेवतं आणि एक दिवस त्याची मोरी बघतं, तसं वाटलं. फळ्या रंधा न मारलेल्या होत्या. एका फळीला खडूनं केलेल्या बेरजा होत्या, नवऱ्याच्या हातच्या. तो गेल्याला अकरा वर्षं झाली आणि बेरजा तशाच. आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात, वर कापडाचा पडदा लोंबत असतो म्हणून उभ्या माणसाला कधी दिसू नये असं, एक छोटं स्टूल होतं. तीन पायांचं. बैठक मऊ केलेली, निळ्या कातरणांची उशी शिवून. टाके नेटके होते. "हे कुणाचं?" जमिनीवरून मोठ्याबाईंनी विचारलं. चार मशिनी होत्या, सुनेची सोडून तिन्ही एकदम सुरू झाल्या. या कामाच्या खोलीत बेतणीच्या टेबलाजवळ बसायला काही ठेवायचं नाही, हा नियम होता, आणि तो भिंतीवर लिहिलेला नव्हता कारण लिहिण्यापुरती मोठ्याबाईंची शाळा झाली नव्हती. तो त्यांच्या पायांवर उभा होता. बसून बेतलेला कपडा अंगावर बसतो तोही बसकाच, असं त्या म्हणत, आणि तसं कुठं काही नसलं तरी म्हणून म्हणून ते खरं झालं होतं. आता त्या आडव्या होत्या, त्यांचा पाय तागावर होता, तो सुनेच्या अंगठ्याखाली होता, आणि ते स्टूल त्यांच्याकडे बघत होतं.

डॉक्टरीण वयानं सुनेपेक्षाही लहान असेल. "आजी, किती वर्षांपासून आहे हे?" "आजी तुझ्या घरी. मला मोठ्याबाई म्हणतात." "बरं, मोठ्याबाई, किती वर्षं?" "मुलगा झाला तेव्हापासून. आता त्याला टक्कल पडलंय, तू कर हिशेब." मुलगा बाजूला उभा होता, त्यानं डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टरीण हसली, पण हातातलं काम सोडलं नाही, आणि तेवढ्यावरून मोठ्याबाईंनी तिला पास केलं. तिनं त्यांना दोन पायऱ्यांच्या लाकडी चौथऱ्यावर चढवलं, दुसऱ्या पायावर भार द्यायला सांगितला, आणि मांडीपासून घोट्यापर्यंत थंडगार काहीतरी चोपडून यंत्राला जोडलेला एक गुळगुळीत ठोकळा फिरवायला लागली. चाळीस वर्षांत नवऱ्याशिवाय हे पाय कुणी पाहिले नव्हते, आणि नवऱ्यानंही पाहिले ते चोरून. तो एकदा म्हणाला होता, दाखव गं डॉक्टरला. "पाय दाखवायला मी काय बाजारातली घोडी आहे?" असं त्याला सुनावलं होतं, आणि तो बिचारा आपल्या बेरजांकडे परत गेला होता. आता दिव्याखाली त्या शिरा सगळ्यांदेखत उभ्या होत्या: गुडघ्यामागं गाठोडं, पोटरीवर वळवळत उतरलेले जाड दोर, घोट्याशी निळ्या धाग्यांची विस्कटलेली गुंडी. अशी शिवण एखाद्या शिकाऊ बाईनं घातली असती तर उसवून तोंडावर फेकली असती. डॉक्टरणीनं पोटरी मुठीत धरून दाबली. यंत्रातून 'हुश्श' असा आवाज वर गेला. मग तिनं मूठ सोडली, आणि दुसरा आवाज आला. उलटा. लांबच लांब. जिन्यावरून धान्याचं पोतं फाटून सांडत यावं तसा, संपता संपेना. "हे काय?" मोठ्याबाईंनी विचारलं. "तुमचं रक्त. खाली पडतंय."

तिनं कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर. माणूस चालतं, पोटरी आवळते, रक्त वर ढकललं जातं. ते परत येऊ नये म्हणून शिरेत जागोजाग झडपा असतात, एकाच अंगाला उघडणारी दारं. ती दारं सैल पडली, की वर गेलेलं खाली येतं, खालचं तिथंच साचतं, शीर फुगते, घोटा सुजतो, कातडी काळवंडते, आणि शेवटी पातळ होऊन फुटते. "फुटली तर आडवं व्हायचं, पाय वर घ्यायचा आणि दाबून धरायचं. वरून आवळायचं नाही. वरून आवळलं की वर जायची वाटच बंद." सून भिंतीकडे बघत होती. "तुमच्या आईला होतं हे?" डॉक्टरणीनं विचारलं. "होतं." "बाळंतपणं किती?" "तीन. राहिला हा एक." "काम उभ्यानं?" "चाळीस वर्षं." "आणि चालणं?" "टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत." डॉक्टरीण लिहिता लिहिता म्हणाली, "चालला असतात तरी बरं होतं. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात." तिला काही टोचायचं नव्हतं, ती लिहीत होती. पण 'नुसत्या' हा शब्द मोठ्याबाईंच्या अंगात सुईच्या मोडक्या टोकासारखा राहिला. घरी येताना गाडीत, जिन्यात, अंथरुणावर, तो जागा बदलत होता. नुसती उभी! नुसतं उभं राहून घर उभं राहिलं का? नवरा बेरजा करत होता, मुलगा शिकत होता, दोन लहानगी गेली तेव्हा बाकीचे बसून रडले, आणि त्या तिसऱ्या दिवशी टेबलाशी उभ्या होत्या कारण उभं असलं की रडू गळ्यापर्यंत चढत नाही. ते खालीच राहतं. कुठं राहतं, हे आता कळलं.

आईचे पाय आठवले. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात दगडी हौदाशी उभी असायची, आणि संध्याकाळी जमिनीवर पडून पाय भिंतीला लावायची. लहानपणी त्या तिच्या पोटरीवरची निळी दोरी बोटानं दाबत. दाबली की जायची, बोट उचललं की हळूच परत यायची. खेळच होता तो, पैसे न पडणारा. "खेळू नकोस गं," आई म्हणायची, "ती माझी मुळं आहेत. उभं राहून राहून मुळं फुटलीत मला." त्यांना ते खरं वाटायचं. रोज सकाळी आईला जागेवरून उठताना बघून वाटायचं, आता ती उपटली जाणार.

डॉक्टरणीनं सांगितलं ते असं: आधी घोट्याची जखम भरू द्यायची, त्यासाठी पाय वर ठेवायचा आणि घट्ट मोजा घालायचा, घोट्याशी सगळ्यात आवळ, वर जाताना सैल होत जाणारा. जखम भरली, की बिघडलेली मोठी शीर आतून उष्णता देऊन कायमची मिटवून टाकायची, चिरफाड न करता. "मिटवली तर रक्त जाईल कुठून?" "चांगल्या शिरा आहेत ना आत. वाट बिघडली की बंद केलेली बरी, मग सगळी वर्दळ चांगल्या वाटेनं जाते." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, की मोठ्याबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "आणि मग मी टेबलाशी उभी राहीन?" "तासन्‌तास एका जागी? नाही. चाला, बसा, पाय वर घ्या." मोज्याचं माप घ्यायला परिचारिका टेप घेऊन आली, तेव्हा मात्र त्यांच्यातली बेतणारी बाई जागी झाली. "मापाचं तू मला सांगणार? तुझ्या अंगातला कोट कुणी बेतलाय, ते विचार आधी. कागद द्या इकडं. माप मी घरी घेते." परिचारिकेनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मोठ्याबाईंपुढं तोंड उघडणं आणि सांगून होणं यात बरंच अंतर असतं.

माप त्यांनी घेतलं ते संध्याकाळी, काम उरकल्यावर, आणि उभ्यानं. माप उभ्यानंच घेतात. बसलेल्याचं माप घेतलं तर कपडा पोटाशी गोळा होतो, निजलेल्याचं माप फक्त मेलेल्यासाठी घेतात. घोटा, पोटरी, गुडघ्याखाली. प्रत्येक आकड्यात दोन बोटं सैल धरून, कारण अंगाला श्वास लागतो. अक्षरं त्यांना वळत नसत, पण आकडे मोत्यासारखे यायचे. मोजा आला तो सुर्रकन चढला. "बघा," त्या भरल्या खोलीत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणे घालताना घाम फुटेल. माप चोख असलं की घाम कशाला फुटतो?" बटणवालीनं कौतुक केलं. सुनेनं मोज्याच्या काठात एक बोट घातलं, ते सहज आत गेलं. ती काही बोलणार असं वाटलं. "काय?" मोठ्याबाई म्हणाल्या. "काही नाही," मोजकी म्हणाली. आणि त्या परत टेबलाशी उभ्या राहिल्या. महिनाभर. नर्सबायांचे कोट पुरे व्हायचे होते, आणि कात्रीचा हात दुसऱ्याला दिला की तो परत येत नाही, हे त्यांनी दुसऱ्यांकडून काढून घेतानाच शिकून ठेवलं होतं. जखम शर्टाच्या बटणाएवढी होती. मग कोटाच्या बटणाएवढी झाली. मग बटणात मापता येईना. त्यांनी ती कापसानं झाकली, कापूस मोज्यानं, मोजा कपड्याच्या घोळानं, आणि वर पावडरीचा वास. पण वासाला घोळ पुरत नाही. एका दुपारी सुनेनं नाक न मुरडता, काही न विचारता मशीन बंद केलं आणि गाडी बोलावली.

"हे माप कुणी घेतलं?" डॉक्टरणीनं मोजा दोन बोटांत धरून विचारलं. तो तिच्या हातात रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता. "मी." "कधी?" "संध्याकाळी." "उभ्यानं?" "मग काय उडत?" डॉक्टरीण रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला मोठ्याबाई पुरून उरल्या असत्या. ती खुर्ची ओढून त्यांच्या पायाशी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मोठ्याबाई, हे माप सकाळी घ्यायचं असतं, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, निजलेल्यानं. आणि सैल काही धरायचं नाही. संध्याकाळपर्यंत पाय सुजतो. तुम्ही पायाचं माप नाही घेतलंत, सुजेचं घेतलंत." मुलानं डोक्यावरून हात फिरवला. चाळीस वर्षांत हजारो मापं घेतली, एक कपडा परत आला नव्हता, आणि स्वतःच्या पायाचं एक माप चुकलं, तेही चोख घेऊन चुकलं. आता सहा आठवडे पडून राहायचं. पाय छातीच्या वर. जखम भरली तरच शिरेला हात लावता येईल. नाही भरली तर काय, ते डॉक्टरणीनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

त्यांची खोली कामाच्या खोलीला लागून होती. मध्ये पातळ भिंत. पहिले काही दिवस त्या, दिसत नसलं तरी ऐकू येईल तेवढ्यावर, कारखाना चालवत. कात्री कापडातून जाते तेव्हा तिचा सूर असतो. जाणत्या हाताचा सूर लांब, अजाणत्याचा तुटक. "कात्री उचलू नकोस!" त्या भिंतीला सांगत. "टोक मिटवू नकोस! मिटवलंस की दात पडतो!" भिंतीपलीकडून "हो आई" येई, आणि मागोमाग स्टूल सरकल्याचा आवाज. लपवाछपवी संपली होती. स्टूल आता उजळमाथ्यानं सरकत होतं. बसून बेततेय! त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण तिळपापड होऊनही अंग अंथरुणातच राहायचं. छताला एक चीर होती, ती वर जाता जाता फांदी फुटून दोन होत होती. पायाखालच्या उशांचा डोंगर, त्यावर स्वतःचे दोन पाय, त्यांच्या पलीकडे दार. माणसानं जगाकडे आपल्या पायांच्या मधून बघायचं म्हणजे लाजच. मुतायला जायचं तरी हाक मारायची. एकदा हाक न मारता त्या निघाल्या. चार पावलांत घोट्यात रक्त भरल्याचं जाणवलं, पाय ओल्या कापडाच्या गठ्ठ्यासारखा जड झाला, आणि दाराची चौकट धरून उभ्या असताना यंत्रातला तो उलटा आवाज त्यांना कानांनी ऐकू आल्यासारखा वाटला. सांडतंय. संपत नाही. त्या परत वळल्या. कुणी पाहिलं नाही, हे बरं झालं असं वाटलं, आणि कुणी पाहिलं नाही म्हणून रडूही आलं.

कोटांचा उरलेला माल तिसऱ्या आठवड्यात गेला. सुनेनं बेतलेला, बसून. मोठ्याबाई वाट बघत होत्या. कशाची, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण फोन वाजला की कान टवकारत. मुंढे चावतील. बाह्या ओढतील. चाळीस नर्सबाया हात वर करून ओरडतील आणि मुलगा येऊन पायाशी बसून म्हणेल, आई, तुझ्याशिवाय व्हायचं नाही. तो आला आठ दिवसांनी, चहा घेऊन. "काय म्हणतात कोटवाले?" त्यांनी छताला विचारलं. "काही नाही." "काही नाही म्हणजे?" "म्हणजे ठीक आहे सगळं. आणखी साठ सांगितलेत." "तक्रार?" "नाही." "एकही?" "एकही नाही, आई." तो आनंदाची बातमी आणल्यासारखा उभा होता, टक्कल चकाकत होतं. अगदी बापावर गेला होता, बेरीज बरोबर आली की खूश. "चहात साखर नाही," त्या म्हणाल्या. साखर होती.

नवं माप घ्यायचं ठरलं ते पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी. जखम आता पुन्हा शर्टाच्या बटणाएवढी झाली होती, कडा गुलाबी. सून उजाडता उजाडता आली. टेप मोठ्याबाईंचीच होती, जुनी, पहिले दोन आकडे झिजून पुसलेले. दुसऱ्याच्या गळ्यात ती टेप पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले. थंड पट्टी घोट्याभोवती आली. ज्यांचं ज्यांचं माप घेतलं, त्या सगळ्यांना असंच वाटलं असेल का? उघडं, आकड्यात सापडल्यासारखं? लोक मापाला उभे राहिले की पोट आत ओढत, उगीच हसत, हे त्यांनी पाहिलं होतं. का हसत, हे कधी मनात आलं नव्हतं. "किती?" न राहवून त्यांनी विचारलं. मोजकीनं आकडा सांगितला. तो इतका लहान होता, की त्यांना वाटलं चुकली. एवढाच घोटा? एवढ्याशा घोट्यावर हे सगळं उभं होतं? मोजा आला तेव्हा तर कहरच झाला. तो मांजराच्या पायाचा वाटला. त्यांनी स्वतः घालायचा म्हणून झटापट केली. पोट आडवं आलं, बोटांचे सांधे वाकेनात, मोजा टाचेशी अडून चिडल्यासारखा गुंडाळून बसला. सुनेनं तो काढला. उलटा केला, टाचेपर्यंत आत हात घालून, हातांत रबरी हातमोजे चढवले, पाऊल आत सरकवलं आणि तळहातांनी चोळत चोळत असा वर नेला, की एक सुरकुती नाही. एकदाही न चुकता. वर्षानुवर्षं रोज केल्यासारखा.

"तुला कसं येतं हे?" सून हातमोजे काढत होती. तिनं आपल्या कपड्याचा काठ वीतभर वर उचलला. पायावर कातडीच्या रंगाचा मोजा होता, तस्साच, गुडघ्यापर्यंत, टाचेशी रफू केलेला. "तुमची नात पोटात होती तेव्हापासून," ती म्हणाली. "सातव्या महिन्यात शीर फुगली. तुम्ही म्हणाला होतात, उभं राहिलं की बाळंतपण सोपं जातं." त्या म्हणाल्या होत्या. अगदी याच शब्दांत, हातात खडू असताना, मान वर न करता. "मला बोलायचं होतंस." "बोलले होते." "कधी?" "पाय दुखतात म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, पाय दुखतात ते चालतात म्हणून. कायमचे बसले की मग काही दुखतच नाही, सरळ सरणावर जळतात." बटणवाली त्यावर किती हसली होती, ते मोठ्याबाईंना आठवलं. चांगला जमला होता टोमणा. बारा वर्षं ही मुलगी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून दार लावून स्वतःच्या पायात हे चढवत होती, आणि बेतणीला हाताशी घेतलं की त्यांच्या समोर, त्यांच्या नियमात, कापडाच्या पडद्याआड, चोरून बसत होती. "मला पहिल्या मोज्याच्या वेळीच बोलली असतीस, माप चुकलंय म्हणून," त्या म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, तो चढला नाही; दारं सैल झाल्यासारखा अर्ध्या वाटेवरून खाली आला. सुनेनं काठ सोडला. "तुम्ही 'काय' म्हणालात ना," ती म्हणाली, "मग मी काही नाही म्हणाले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग कधीतरी असेल. तोही साचून काळवंडला असेल कुठंतरी आत. काहीतरी बोलायला हवं होतं. मोठ्याबाईंकडे शब्दांची कधी वाण नव्हती. लग्नाच्या पंगतीत, कापडवाल्याशी, डॉक्टरणीशी, कुठंही. त्यांनी तोंड उघडलं. "तुझ्या टाचेचं रफू उसवलंय," त्या म्हणाल्या. सून म्हणाली, "हो, बघते."

त्यानंतर रोजची सकाळ ठरून गेली. रात्री मोजा काढायचा, सकाळी पाय जमिनीला लागायच्या आत चढवायचा. आणि चढवणार सून. ती येईपर्यंत उठायचं नाही. पहिले काही दिवस मोठ्याबाई पाऊल मुद्दाम सैल टाकत, बोटं आखडून घेत, म्हणजे तिला जड जावं, घाम फुटावा. "बोटं ताठ धरा, आई," ती म्हणायची, रोज त्याच आवाजात, आणि रोज त्या ऐकू न आल्यासारखं करत. शीर मिटवायची तारीख मिळाली होती, पुढच्या महिन्यातली. मिटवली तरी टेबलाशी उभं राहायचं नव्हतं, हे आता घरात कुणी बोलत नव्हतं, कारण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आज सकाळी साठ कोटांचं कापड आलं. पहाटेच गाडी लागली, ताग उतरल्याचे धप धप आवाज झाले, आणि बटणवालीनं हाक मारली, "बाई, आडवा पन्हा की उभा? या ना, कापड उलगडलंय." क्षणभर मोठ्याबाईंना वाटलं, आपल्यालाच विचारलं. "उभा," त्या म्हणाल्या, पण भिंतीपलीकडून त्याच वेळी सुनेचा आवाज आला होता, "उभा घे. आलेच." मग दारातून तिचं डोकं दिसलं. केस अजून ओले होते. "दहा मिनिटं, आई. रेघा मारून देते आणि येते. पाय खाली सोडू नका." आणि ती गेली. दहा मिनिटांची वीस झाली. खडूचा आवाज भिंतीतून येत नाही, कात्रीचा येतो. कात्री अजून सुरू व्हायची होती. लघवीला लागली होती. मोजा उशाशी पडला होता, मांजराच्या पायाएवढा. हाक मारावी, असं त्यांनी ठरवलं, आणि कोणत्या नावानं मारावी ते ठरेना. मोजकी म्हणायला जीभ वळेना. सूनबाई म्हटलं, तर आधी कधी म्हटलं नव्हतं. ती दचकली असती, काहीतरी वाईट झालं समजून धावत आली असती, आणि तिकडं तिची रेघ वाकडी गेली असती. साठ कोटांची रेघ. त्या तशाच पडून राहिल्या. दोन्ही पाय उशांवर उघडे होते, सकाळचे, सूज उतरलेले, बारीक. एवढे बारीक पाय त्यांनी शेवटचे कधी पाहिले होते कोण जाणे. रक्त ज्या बाजूला जायचं त्या बाजूला आत्ता विनासायास जात असेल, त्यांनी काही न करता. पलीकडे कुणीतरी हसलं. स्टूल सरकलं. मग पावलं दाराकडे वळली, तिची, चालणाऱ्या माणसाची, आणि दार उघडायच्या आत मोठ्याबाईंनी पायाची बोटं ताणून सरळ धरली.